फक्कीची रेघ

"चाल."

अधीक्षक सरांनी बुटाच्या टोकानं रेघ दाखवली. क्रीडास्पर्धा जवळ आल्या होत्या, म्हणून मैदानावर फक्की मारली होती. ताजी, पांढरीशुभ्र. परिपाठाला सगळी आश्रमशाळा मातीत बसलेली. एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. मग मी.

"या रेघेवरून चाल. त्या खांबापर्यंत. पाय बाहेर गेला नाही पाहिजे."

"सर, मी काय केलं?"

"सकाळी डाळीचं पातेलं कुणी सांडलं? तुझ्या बापानं? रात्रीची उतरलेली नाही अजून. तोंड उघड. फुंक."

मी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडावर फुंकलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं, मुलांसमोर, दुसऱ्या माणसाच्या नाकावर फुंकलं. सरांनी नाक आक्रसलं. शेजारी उभे असलेले एक शिक्षक हळूच म्हणाले, "वास नाही वाटत, सर."

"लवंग चघळली असेल. तुम्हाला माहीत नाहीत ही माणसं. चाल रे."

मी चाललो. पहिलं पाऊल रेघेवर पडलं. दुसरं रेघेच्या बाहेर. मी ते उचलून रेघेवर ठेवायला गेलो तर सगळं अंगच उजवीकडं गेलं. हात पसरले. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखे. मुलं हसायला लागली. मुलांचा राग नाही मला. समोर माणूस असा चालला तर मीही हसलो असतो.

खांबापर्यंत पोचलो नाही. मध्येच गुडघ्यावर आलो. हाताला, विजारीला फक्की लागली.

मुलींच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. सुगंधा. नववीत. ती हसत नव्हती. ती मातीत बोटानं काहीतरी काढत होती आणि मान वर करत नव्हती.

मी त्या शाळेत कामाठी होतो. रोजंदारीवर. कामाठी म्हणजे पडेल ते काम. पाणी भरायचं, तांदूळ निवडायचे, पातेली घासायची, पंगतीत डाळीची बादली फिरवायची. आठवडाभर शाळेतच झोपायचो, शनिवारी जीपनं मोखाडा, तिथून सूर्यमाळच्या बाजूला आमचा पाडा. पाड्यात खाचरवाली घरं वर आहेत. भात, नाचणी त्यांची. आम्ही खाली ओहोळाकडं. आम्हाला जमीन कधी नव्हतीच. आजा दुसऱ्याच्या बांधावर राबला, बा दुसऱ्याच्या वीटभट्टीवर. मी बारावी शिकलो म्हणून सावलीतलं काम मिळालं. त्या कामाची किंमत मला ठाऊक होती. म्हणून पुढचं घडलं.

मी दारू पीत नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की हे आमच्याकडं कुणाला खरं वाटत नाही. लग्नात, बारशाला, दहाव्याला, सगळीकडं मोहाची असते. पूर्वजांच्या नावानं जमिनीवर थेंब सांडतात आणि मग सगळे घेतात. मी थेंब सांडायचो आणि पेला पुढं द्यायचो. बा जसा गेला ते पाहून मी तसं ठरवलं होतं. बा झोकांड्या देत चालायचा. बोबडं बोलायचा. शेवटी ओहोळात पालथा सापडला. पाडा म्हणाला, दारूनं गेला. बा प्यायचाही. त्यामुळं कुणाला दुसरं काही सुचलं नाही.

मला मात्र वर्षभरापासून कळत होतं. जमीन सरकल्यासारखी वाटायची. कानाडोळा करून चाललं की बरं असायचं, लक्ष देऊन चाललं की पाय फसायचे. शर्टाची बटणं लावताना बोटं दुसऱ्याची वाटायची. बोलताना जिभेला वजन आल्यासारखं व्हायचं. मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी परिपाठ संपल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. पंखा चालू होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"हे बघ, मी वाईट माणूस नाही," ते म्हणाले. "आजारी असशील तर आजारी म्हण. पण आजारी माणूस मी पोरांच्या स्वयंपाकघरात ठेवणार नाही. वरून मलाच विचारतील. आणि प्यायला असशील तर कबूल कर. उद्या परिपाठात हात पुढं करून शपथ घे. विषय संपला. प्यालेल्या माणसाला मी माफ करतो. सुधारतो माणूस."

मी तिथं उभ्या उभ्या हिशेब केला. आजारी म्हटलं तर काम गेलं. प्यायलो म्हटलं तर काम राहिलं. इतका सोपा हिशेब होता.

आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना सांगितली नसती आणि त्यांना कळलीही नसती. आमच्याकडं आजाराला नाव मिळालं नाही की बाईचं नाव मिळतं. माणूस विनाकारण झिजायला लागला की घरचे भगताकडं जातात. भगत तांदूळ पाहतो. तांदळाच्या दाण्यांत त्याला कुणीतरी करणी करणारी दिसते. बहुतेक वेळा विधवा. बहुतेक वेळा शेजारची. माझा मोठा भाऊ भट्टीवर तापानं गेला तेव्हापासून वहिनी आमच्या भिंतीला भिंत लावून एकटी राहते. लोक आधीच तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघत होते. मी आजारी आहे हे पाड्यात कळलं असतं तर तांदळात कोण दिसणार हे मला न बघता ठाऊक होतं. दारुड्यासाठी कुणी तांदूळ पाहत नाही. दारुड्याचं सगळं आधीच कळलेलं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी हात पुढं केला. सर सांगतील ते बोललो.

"मी दारू पितो. मी चूक केली. मी पुन्हा पिणार नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझं काम राहिलं.

सुगंधा रोज संध्याकाळी ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. भाताच्या पातेल्याच्या तळाची खरपुडी मी तिच्यासाठी राखून ठेवायचो. तिला तांबूस, कडक लागायची. त्या संध्याकाळी मी खरपुडी काढून ठेवली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग मी काढायची बंद केली. पातेलं भिजत घालायचो.

घरचं वेगळंच. जनी, माझी बायको, हिनं मला कधी प्यालेलं पाहिलं नव्हतं. शपथेची बातमी जीपवाल्यांच्या तोंडून तिच्यापर्यंत आली. शनिवारी मी घरी पोचलो तर तिनं पाणी दिलं नाही.

"कुठं पेतोस, तेवढं सांग."

मी पायातल्या चपला काढल्या.

"माझ्या नाकाला वास नाय येत. म्हणजे लपवतोस. इतकी वर्षं लपवलंस?"

तिनं छपराच्या झापात हात घालून पाहिलं. नाचणीच्या कणगीत पाहिलं. तिला बाटली सापडली नाही, म्हणून तिचा संशय वाढला. सापडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. एवढा मी खाली गेलो होतो.

आणि मला सगळ्यांचा संशय. स्वयंपाकघरात मंगीबाय होती, भाकऱ्या, भात तिच्याकडं. ती माझ्या हातातून बादली घ्यायला लागली. "ठेव दादा, मी फिरवते." मी विळी घेतली की विळी ओढून घ्यायची. मला खात्री होती, हिचा भाचा घरी रिकामा बसलाय, त्याला माझ्या जागी लावायचाय. शेवटी मी विचारलंच.

"सरांना माझं कुणी सांगितलं?"

"मीच." ती भाकरी थापायची थांबली नाही. "तू पेतोस असं नाय सांगितलं. तू पडतोस, असं सांगितलं. उकळत्या डाळीत पडलास तर तुला मी काढू काय? मी काय पैलवान हाय?"

मला ते पटलं नाही. मी तिच्याशी बोलणं सोडलं. तिनं बादली घेणं सोडलं नाही.

मग खो-खोचा सामना झाला. सुगंधा चांगली खेळायची. पळताना वळली, पाय अडकला, पडली. कोपर खरचटलं. उठली, पुन्हा पळाली. एवढंच. पण अधीक्षक सर कडेला खुर्चीवर बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "बापाची चाल उचलली वाटतं!"

सगळे हसले. मी पाण्याचा ड्रम घेऊन उभा होतो. मी ड्रम खाली ठेवला.

त्यांनी चेष्टा केली. पण मला ठाऊक होतं की बा तसाच चालायचा. मी तसाच चालतो. आणि मी पीत नाही. मग ही चाल आली कुठून? आणि ती कुठं निघाली आहे?

त्या शनिवारी मी जनीला खरं सांगितलं. ओहोळावर, कपडे धुताना. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग शपथ कशाला घेतलीस?" मी सांगितलं. ती बराच वेळ शर्ट आपटत राहिली. शेवटी म्हणाली, "नाशिकला जाऊ. भगताकडं नाय जायाचं."

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर बाई होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझं बोट त्यांच्या बोटाला, मग माझ्या नाकाला लावायला सांगितलं. माझं बोट गालावर गेलं. डोळे हलवायला सांगितले. मग त्या उठल्या आणि फरशीच्या जोडाकडं बोट केलं.

"या रेषेवरून चाला बघू. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून."

मी जागेवरून हललो नाही.

"मॅडम, मी प्यायलो नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी तसं विचारलं का?"

मग त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हात धरला नाही, पण पडलो तर धरता येईल इतक्या जवळ. मी चाललो. पडलो नाही, त्यांनी पडू दिलं नाही. तीच रेघ. तेच चालणं. एवढाच फरक, की यांना मी का डगमगतो ते जाणून घ्यायचं होतं.

चाचण्या झाल्या, फोटो झाले. परत बोलावलं. त्यांनी सांगितलं, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल तो सांभाळतो. तुमचा तो भाग हळूहळू सुकतोय. औषधानं थांबत नाही. व्यायामानं, सवयीनं बरेच दिवस हिंडता फिरता येईल. बोलणं जड होत जाईल. गिळताना काळजी घ्यायची.

"घरात आणखी कुणी असं चालायचं?"

मला बा दिसला. ओहोळाकडं उतरताना. पाड्यातली पोरं मागं मागं त्याची नक्कल करत चाललेली.

"बा," मी म्हणालो. "पण तो प्यायचा."

"पीत असतीलही. पण हे दारूचं नसावं."

इतकी वर्षं गेली. एका वाक्यात माझा बा ओहोळातून बाहेर आला.

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. मुलीचं. डॉक्टर बाईंनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाल्या, हा आजार घराण्यातून येऊ शकतो. तिला असेल, नसेलही. ती लहान आहे. मोठी झाली की तपासायचं की नाही ते तिनं ठरवायचं, तुम्ही नाही. "आणि खेळताना ठेच सगळ्यांनाच लागते," त्या म्हणाल्या. "तिच्या प्रत्येक पावलाकडं बघत बसू नका."

मी बघत बसतो. हे कबूल करायला मला लाज वाटते. ती चप्पल घालते तेव्हा बघतो. उंबरा ओलांडते तेव्हा बघतो. मी तिला जे दिलं असेल ते परत घेता येत नाही, म्हणून पाळत ठेवतो. चोरानं चोरीच्या जागी घुटमळावं तसा.

डॉक्टर बाईंनी सांगितलं, महिन्यातून एकदा इथंच वरच्या खोलीत तुमच्यासारखी माणसं जमतात, जा. मला खात्री होती की शेवटी तेल विकतील. नाहीतर पट्टा. नाहीतर फोटो काढतील. आमच्या भागात शहरातून येणारा माणूस कशासाठी येतो ते आम्ही बघून आहोत. मी जनीला म्हणालो, दाराशीच बसू. चहा आला तो मी घेतला नाही.

मग माणसं यायला लागली.

एक भिंत धरून आला. एक काठी घेऊन. एक बाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पाय फाकवून. ती सगळी खोली माझ्या बापासारखी चालत होती. जनीनं माझा दंड घट्ट धरला. मला रडायला आलं, मी जनीला म्हणालो, धूळ गेली.

एक जाडसर गृहस्थ माझ्या शेजारी येऊन आदळलाच. सिन्नरकडचा, पूर्वी ट्रक चालवायचा. "घाबरू नका पाव्हणं," तो म्हणाला. "हितं कुणाचंच नीट नाय. मला नाक्यावर पोलीस फुंकायला लावायचे. मशीन म्हणायचं नाय, पाय म्हणायचे व्हय." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मी एकटा मध्यभागी नव्हतो.

शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचं बोलणं माझ्यापेक्षा जड, पण मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. मी विचारलं, कसं जमतं? तिनं मांडीवर बोटानं ठोका दिला. एक ठोका, एक शब्द. एक ठोका, एक शब्द. "घाई केली की लोकांना दारू ऐकू येते," ती म्हणाली. "सावकाश बोला. ऐकायचंय तो थांबतो."

परत जाताना मी विचारलं, पैसे किती? तिथले लोक म्हणाले, पुढच्या वेळी चहा तुमच्याकडून. तेल कुणी विकलं नाही. तरी मी दुसऱ्या वेळीही वाट पाहिली, विकतील म्हणून.

थंडीत शाळेत पाहुणे यायचे होते. शहरातले, ब्लँकेट वाटायला. अधीक्षक सरांनी आदल्या दिवशी मला बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"उद्या व्यसनमुक्तीचा छोटा कार्यक्रम ठेवलाय. तुझी ती शपथ पुन्हा घ्यायची. माईकवर. आणि त्या खांबापासून स्टेजपर्यंत चालत यायचं. दारू सोडली तरी शरीराची काय वाट लागते ते पोरांना दिसलं पाहिजे. उदाहरण म्हणून. स्वच्छ शर्ट घाल. पाठ केलंय तेवढंच बोल."

"सर, मला आजार आहे. नाशिकला सांगितलं. कागद आहेत."

त्यांनी कागदाकडं पाहिलंही नाही. "आजार कशानं झाला? दारूनंच ना? मग खोटं काय आहे त्यात?"

मी "बरं" म्हणालो. हो, बरं म्हणालो. आजार कळून, खोलीभर माणसं बघून, तरी म्हणालो. पाठीचा कणा एका दिवसात येत नाही.

जनी त्या दिवशी दवाखान्यातल्या ताकदीच्या गोळ्या द्यायला शाळेत आली होती. तिला सांगितलं तर ती उभ्या उभ्या म्हणाली, "त्या दिवशी पोटासाठी बोललास. उद्या कोणासाठी बोलशील?" एवढं म्हणून ती जीपकडं गेली. मागं पाहिलं नाही.

मी विचार करत राहिलो. बा दारुडा म्हणून गेला. मी दारुडा म्हणून जाईन. आणि उद्या सुगंधाचा पाय वाकडा पडलाच, तर तिच्यासाठी काय तयार असेल? दारुड्याची पोशी, बेवड्याची पोर. किंवा शेजारच्या कुणा बाईवर तांदूळ. तिसरं नाव कुणाला माहीतच नसेल, कारण ते ज्याला माहीत होतं त्यानं काम टिकवण्यासाठी गिळलं. मी काम राखलं नव्हतं. मी तिच्या आजाराचं नाव विकलं होतं. तिला आजार होण्याआधीच.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर पुन्हा फक्की. स्टेजवर पाहुणे, ब्लँकेटचे गठ्ठे, फोटो काढणारा एक. सर माईकवर म्हणाले, "आता बघा. हा आमचा सुधारलेला माणूस. याचं चालणं नीट बघा मुलांनो. दारू काय करते!"

मी खांबाशी उभा होतो. सगळी शाळा माझ्याकडं बघत होती. सुगंधा मुलींच्या रांगेत. मान खाली. बोट मातीत.

"चल, ये," सर म्हणाले.

मी एक पाऊल टाकलं. मग थांबलो. मग रेघेवर खाली बसलो. मांडी घालून.

"अरे, ऊठ!"

"मी चालणार नाही."

माझा आवाज फाटला, शब्द एकमेकांत गेले. मुलं हसली. स्टेजवरच्या एक पाहुण्या बाई शेजाऱ्याला म्हणाल्या, तेही माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "आत्ताही घेतलीय का यानं?"

खरं बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून दारू ऐकू येत होती. मग मी हात मांडीवर ठेवला. बोटानं ठोका दिला. एक ठोका, एक शब्द.

"मी. कधीच. दारू. प्यायलो. नाही."

हसणं अर्ध्यावर थांबलं.

"शपथ. खोटी. होती. मला. मेंदूचा. आजार. आहे. माझ्या. बापाला. होता. काम. जाईल. म्हणून. मी. खोटं. बोललो. तुमच्यासमोर. माझ्या. मुलीसमोर."

सर माईक सोडून खाली उतरले. "उचला रे याला. दोघे जण या." कुणी आलं नाही. मग स्वयंपाकघराच्या बाजूनं मंगीबाय आली. हात पिठाचे. मला वाटलं, ही मला उचलायला आली. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "मी रोज याच्या बाजूला चुलीवर असते. वास असता तर पहिला मला आला असता. तुम्ही एक दिवस नाक लावलंत."

"तुलाही घरी जायचंय का?"

"चूल कोण पेटवील मग? तुम्ही?"

मुलांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. या वेळी माझ्यावर नाही.

कार्यक्रम झाला. ब्लँकेटं वाटली गेली. फोटो निघाले, माझा नाही. दुपारी मला सांगण्यात आलं, उद्यापासून यायचं नाही.

जाण्याआधी मी सुगंधाला गेटपाशी भेटलो. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही.

"मग तेव्हा खोटं का बोललास?"

"भीती वाटली."

"मला मुली बेवड्याची म्हणायच्या. इतके महिने." ती थांबली. "मला पण होणार का?"

"माहीत नाही."

"डॉक्टरला?"

"त्यांनाही नाही. मोठी झालीस की तू ठरवशील, बघायचं की नाही ते."

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. ती वसतिगृहाकडं निघाली. माझे डोळे तिच्या पायांवर गेले. तिनं वळून न बघता म्हटलं,

"बघू नकोस."

त्या शनिवारी मी पाड्यात सगळ्यांना बोलावलं. वरच्या घरांनाही. भगतालाही. वहिनीला मी माझ्या बाजूला बसवलं. आजाराचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. भगत म्हणाला, "तरी एकदा तांदूळ पाहू." मी म्हणालो, "पाहायचे तर माझं नाव घालून पाहा. दुसऱ्या कुणाचं निघालं तर मी मोखाड्याला पोलिसात जाईन. मला नीट चालता येत नाही, मला न्यावं लागेल, पण मी जाईन." भगत हसला. पण तांदूळ पाहिले नाहीत. अजून तरी नाहीत. माझा त्याच्यावर भरवसा नाही. वहिनीच्या दारावर माझं लक्ष असतं.

जनीनं दारापासून ओहोळापर्यंत वाटेला बांबूचा कठडा बांधला आहे. वहिनीनं खुंट रोवले. मी तो धरून जातो. दर महिन्याला नाशिकला जातो. गेल्या खेपेला चहा माझ्याकडून होता.

अधीक्षक सरांचा आता निरोप आला आहे. "ये, बसून करायचं हलकं काम देतो, मागचं विसरून जा." कुठूनतरी त्यांना विचारणा झाली असेल. किंवा होईल अशी भीती असेल. मला तो मऊ आवाज ओळखीचा आहे. त्याच आवाजात ते म्हणाले होते, प्यालेल्या माणसाला मी माफ करतो.

मला माफी नको. मला हलकं कामही आधी नको. त्यांनी त्याच मैदानात, परिपाठाला, त्याच मुलांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगायचं की हा माणूस प्यालेला नव्हता आणि मी त्याला रेघेवर चालवलं. कागदावर नको. ऑफिसात नको. मुलांना ऐकू जाईल असं.

तोपर्यंत मी रोज सकाळी तिथं जातो. गेटच्या आत येऊ देत नाहीत, तर गेटच्या बाहेर बसतो, जिथून मुलांना मी दिसतो आणि मला मैदान दिसतं. पाय जातील. जीभ जाईल. डॉक्टर बाईंनी काही लपवलेलं नाही. पण बसायला तोल लागत नाही, बोट हलेल तोवर ठोका देता येईल.

उद्या मोखाड्याहून पहिली जीप पकडायची आहे. जीपवाला मला आता मागच्या गर्दीत टाकत नाही, पुढं बसवतो. का, ते मी त्याला विचारलेलं नाही. त्याच्यावरही माझा अजून भरवसा नाही. पण मी जाणार आहे.